चेंडू उचलू नये

अर्जदार मी, कचेरीबाहेरचा अर्जनवीस. स्थळ, कचेरीची भिंत आणि गोल्फ मैदानाची जाळी यांमधील बोळ. साक्षीदार, खेळाडूंच्या काठ्या वाहणारे कॅडी दगडूमामा व गोल्फमध्ये नवशिके वकीलसाहेब.

जाळीतून मी पाहिले, की साहेबांचा प्रत्येक चेंडू जमिनीलगत जाऊन झुडपात अडकतो.

"साहेब, चेंडूखालची खुंटी उंच करा. चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवा आणि उचलायला जाऊ नका, काठीच उचलते," मामा म्हणाले. "तुम्ही तर बटाटे काढताय."

बोळातली ही बसायची जागा बदलून मिळावी म्हणून वीस वर्षे केलेले माझे अर्जही असेच जोर लावून लिहिलेले, पहिल्याच टेबलावर अडकलेले. इतक्यात साहेबांचा एक चेंडू झाडांवरून गेला. तो पडला कोठे, हे बोळातून दिसत नाही.

सबब, मला येथून हलवावे किंवा हलविणार नाही असे तरी लेखी कळवावे, ही विनंती.