मायनं बांधलेली पट्टी

तिसऱ्या बाळंतपणाला मी सदतिसाची होते. थोरली लेक तेव्हा कॉलेजात. आई बाळंतीण झाली हे मैत्रिणींना सांगायची तिला लाज वाटायची. मला लाज वाटत नव्हती, राग येत होता. तोही माझ्याच अंगाचा.

थोरलीच्या वेळी मी एकोणिसाची होते. सव्वा महिना सरला आणि कंधारकडच्या सासरच्या शेतात खुरपायला बसले. कुठं काही दुखलं नाही. मधलीच्या वेळी शिंक आली की साडी ओली व्हायची, पण वर्षभरात तेही थांबलं. म्हणून यंदाही अंग आपोआप जागेवर येईल असं धरून चालले होते. ते आलं नाही. बाळ दोन महिन्यांचं झालं तरी उभं राहिलं की खाली जड जड वाटायचं. एकदा भरलेली घागर उचलली आणि न्हाणीत जाऊन बघितलं, तर मऊसं काहीतरी हाताला लागलं. मी घाबरून तिथंच बसले.

माहेरी फक्त पहिलं बाळंतपण करायची आमच्यात रीत. पण या वयात सासरी कोण करणार, म्हणून माय मला औशाजवळच्या गावी घेऊन आली होती. रोज आंघोळ झाली की ती जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या पोटाला गुंडाळायची आणि कमरेला गुडघा लावून ओढायची. खाली काहीतरी येतंय हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी आणखी आवळली.

जावेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काढून टाक की पिशवी. मी काढली, मोकळी झाले." आमच्याकडं हे दात काढल्यासारखं सांगतात. काढावीच लागली तर काढीन, पण ते आधी कुणीतरी मला तपासून सांगायला हवं होतं. आमची सोयाबीन मीच बघते, मालक ट्रकवर असतात. दसऱ्याला मला माझ्या रानात माझ्या पायावर उभं राहायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. बाळाला मायजवळ ठेवलं आणि लातूरची बस धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. मग म्हणाल्या, "दर बाळंतपणाला खालचं मांस ताणतं, ताई. एकोणिसाव्या वर्षी ते लवकर मागं आलं. आता वय वाढलंय, आणि तिसऱ्यांदा ताणलंय. धुऊन धुऊन मोजा सैल पडतो, तसं."

"मोजा फेकून देता येतो, मॅडम."

त्या हसल्या. पिशवी काढायची घाई नको, आधी व्यायाम करू, म्हणाल्या. लघवी अडवताना जे आवळतो ते श्वास न धरता आवळायचं, सोडायचं, रोज, महिनोन् महिने. पूर्ण पहिल्यासारखं होईल असं सांगत नाही. नाहीच भागलं तर पिशवी वर धरायला आत बसवायची कडी आहे, ऑपरेशन त्यानंतर. घागर उचलायची नाही. निघताना त्यांना पोटाची पट्टी दिसली. "ही सोडा. वरून एवढं आवळलं की सगळा दाब खाली जातो."

घरी येऊन मी पट्टी सोडली. माय चिडली.

"आवळून बांधल्याबिगर आत राहत न्हाई ते."

"डॉक्टर न्हाई म्हणल्या."

"डॉक्टरला काय कळतंय? मला म्हाईत हाय."

"तुला कसं म्हाईत, माय?"

ती बाळाची दुपटी वाळत घालायला अंगणात गेली. मी मागोमाग गेले. दोरीवर तिच्या साडीखाली जुन्या कापडाची एक जाड घडी लपवून वाळत घातलेली होती. ती घडी मी लहानपणापासून बघत आले होते, आणि ती महिन्याची असणार असंच समजत होते. मायची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

माझं लक्ष तिकडं गेलेलं तिनं पाहिलं. "तुझ्या धाकट्या भावापासून," एवढंच म्हणाली. म्हणजे आम्हा पाच जणांना जन्म देऊन हिनं खाली आलेलं अंग तसंच बांधून रान केलं, आमची लग्नं केली, आणि आता मला बाळंतपणाला आणलं. मला रडू आलं आणि तिचा संतापही आला.

मी व्यायाम सोडला नाही. आमच्या घरात बाईला निवांत बसू देत नाहीत, म्हणून भाकरीची वेळ धरली. चार-सहा थापा आवळायचं, तेवढ्याच थापा सोडायचं. पहिले काही आठवडे काहीच फरक पडेना. एकदा वैतागून पीठच भिरकावलं. मग हळूहळू खोकला आला तरी साडी कोरडी राहू लागली. जडपणा संध्याकाळपुरता उरला.

सासरी निघायच्या आदल्या दिवशी मी बाळाला पाजत होते आणि माय चुलीपुढं होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"माझं बी जाईल का गं आत? एवढ्या वर्षांचं?"

"ते मॅडम बघून सांगतील. उद्या मी कंधारची गाडी धरत न्हाई, आपण दोघी लातूरला चाललो."

ती नको म्हणाली नाही. पुन्हा थापू लागली, माझ्यासारखीच थापा मोजत. तिचे ओठ मिटलेले होते, गालही फुगले होते.

"श्वास धरू नको, माय," मी म्हणाले. "सोड."