इसिडोरचे बारा फोटो

मरोळ गावठाणातला इसिडोर परेरा उभ्या जन्मात मावशीच्या वसईपलीकडे गेला नव्हता. अडुसष्ट सालच्या मे महिन्यात मात्र तो जुन्या जावा मोटारसायकलवर एकटाच निघाला आणि सहा दिवसांत भोरचा राजवाडा, वाईचा घाट, सांगलीचं गणपती मंदिर, मिरजेचा दर्गा असं सगळं पाहून आला. कॅमेरा मेव्हण्याचा, म्हणजे रोनाल्डचा. "कुणाच्या हातात देऊ नको," असं रोनाल्डने बजावलं होतं. इसिडोर असा आज्ञाधारक, की त्याने गावोगाव गाडी उभी केली, वीस पावलं मागे गेला आणि तिचेच फोटो काढले.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात त्याने बाराही फोटो मोठ्या ऐटीत पुढे केले.

"गाडी झकास फिरली रे," रोनाल्ड म्हणाला. "पण तू कुठेयस?"

"मी फोटो काढत होतो ना!"

"की गाडी दिलीस दुसऱ्याला, आणि तू मावशीकडे ताडी पीत बसलास?"

सगळे खो खो हसले. इसिडोरने आशेने बायकोकडे पाहिलं. एडनाने नुसती मान हलवली असती, तरी त्याची लाज राहिली असती.

"मला काय ठाऊक?" एडना म्हणाली. "मी येते म्हटलं, तर म्हणाला, बाई मागे बसली की गाडी दमते."

मग कुणीच हसलं नाही, आणि ते जास्त लागलं. इसिडोर खाली मान घालून फोटो गोळा करू लागला. प्रत्येक फोटोत मागची सीट रिकामी होती.