बारशाआधीची

निघोज्याची चतुराबाई गावाची सुईण. १९७९ साली मी तिला भेटलो, तेव्हा तिचे हात थरथरायला लागले होते. तिचा मुलगा किसन चिंचवडला कंपनीत पाळीवर जाई. घरी ती आणि तिची धास्ती. अडलेली बाई चाकणला पोचेपर्यंत काहीही होऊ शकतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. गावात नर्सबाई राहायला यावी, एवढंच तिचं मागणं.

मी डॉक्टर होऊन सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेत होतो. आमचे सर सांगत, गावाचा अभ्यास गावाला बरोबर घेऊन करा. म्हणून चतुराबाईला जोडीला घेतलं. घरोघर विचारायचं, मुलं किती झाली, किती गेली. जिथे जास्त दगावतात, तिथे नर्सचं उपकेंद्र आधी मिळणार होतं.

पहिल्याच घरात बाईच्या आधी तीच बोलली. बाहेर आल्यावर मी समजावलं, "मावशी, आपण फक्त ऐकायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही."

"बरं डाक्टर. तोंडाला कुलूप. माज्या सासूला जमलं न्हाई, ते तुमी केलं."

कुलूप तिनं पाळलं. बायका सांगत, मी लिही. एखादं उत्तर ऐकून ती काडीनं मातीत रेघ ओढे. मला दिसायचं. मी विचारलं नाही.

अहवाल आधी कॉलेजात आणि तालुक्याला दिला, मग गावात देवळासमोर वाचला. गेलेली मुलं सात.

"आन बारशाआधीची?" चतुराबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"नाव ठेवायच्या आदी गेलेलं लेकरू आमी मोजत न्हाई. माज्या हातची एकोणीस हायेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच म्हनला, ऐकायचं."

दुरुस्तीचा कागद घेऊन मी तालुक्याला धावलो. उपकेंद्र दुसऱ्या गावाला मंजूर झालं होतं. मला पदवी मिळाली.

उपकेंद्राचं सांगायला गेलो, तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत होती. ऐकून तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. म्हणाली, "माज्या घरचं काय लिवलंय?"

मी वही उघडली. "दोन मुलं. गेलेलं कुणी नाही."

"तीन करा. पोरगी व्हती. नवव्या दिवशी गेली."

"उपकेंद्र तर गेलं, मावशी," मी म्हणालो.

"आता काय व्हनार न्हाई, ते ठावं हाय मला," ती म्हणाली. "तरी लिवा."