वरच्या मजल्यावरचा डेक्लन

अमेरिकेतल्या आयसेलिनच्या अपार्टमेंटमधली आमची जुनी मंडळी कुठेही भेटली की चहा उकळायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ए, डेक्लनचं आठवतं का गं?" झालं! पोहे गार होतात, पोरं "मॉम, कॅन वी गो?" करून थकतात, पण आमचं संपत नाही. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन सुचतात.

डेक्लन आयर्लंडचा. दोन हजार दोनच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. कॉन्सर्ट, नाटक, सिनेमा, मिळेल त्याला संगीत द्यायचा. व्हिसा कलाकाराचा, तोही मुदतीचा. मोठं काम मिळालं तर मुक्काम, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत आयर्लंड. एवढा एकच घोर होता बिचाऱ्याला.

*

ओळख झाली ती माझ्या फोडणीमुळे! एका शनिवारी तेल जरा जास्तच तापलं आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. अख्खी बिल्डिंग थंडीत लॉनवर. एक लाल दाढीवाला तरातरा माझ्याकडे आला. आता हा भांडणार म्हणून मी 'सॉरी' तयारच ठेवलं होतं.

तो म्हणाला, "उद्या परत कराल का? मला ती तडतड रेकॉर्ड करायचीय!"

तो तेव्हा एका भुताच्या सिनेमाचं संगीत करत होता. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर मिलिंदचा स्कीइंगचा गॉगल चढवून, कढईवर माइक धरून उभा राहिला. मिलिंद म्हणजे माझा नवरा. तो दाराशी उभा राहून नुसता हसत होता.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. अंधारा जिना, भूत एकेक पायरी उतरतंय आणि मागे माझी मोहरी तडतडतेय. थिएटर चिडीचूप. माझ्या तोंडून एकदम निघालं, "मिलिंद, गॅस बारीक कर!"

आणि मिलिंद उठलासुद्धा!

*

व्हिसाच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येक जण अर्धा वकील. एका शुक्रवारी पत्ते खेळताना डेक्लनने त्याची अडचण सांगितली. आपण असामान्य आहोत हे त्याला दरवेळी सरकारला सिद्ध करून दाखवावं लागायचं.

तेव्हा ले-ऑफचे दिवस होते. मिलिंदने पान टाकत सुस्कारा सोडला. "आमचं त्यापेक्षा बरं आहे यार. आम्ही सामान्य आहोत, एवढंच मॅनेजरला कळू द्यायचं नाही!"

*

उन्हाळा लागला की माझे सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी यायचे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पहिल्याच भेटीत नानांनी डेक्लनला विचारलं, "संगीत वगैरे ठीक आहे हो. पण नोकरी कुठे?"

मी लाजत लाजत भाषांतर केलं. डेक्लन म्हणाला, "यांचं नि माझ्या आईचं फोनवर बोलणं होतं का?"

तेव्हापासून दोघांची गट्टी. नानांना इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. संध्याकाळी बाल्कनीत बसून दोघे आळीपाळीने गुणगुणायचे, आणि मी चहा पुरवायचे.

*

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाला डेक्लनने फुकट संगीत दिलं. नायक मिलिंद, म्हणजे पाठांतराची बोंब! ऐन प्रयोगात पठ्ठ्याने एक अख्खं पान गाळलं आणि पुढच्या पानावर उडी मारली. विंगेत आमची पळापळ. डेक्लनने शांतपणे गाळलेल्या प्रसंगाचं संगीत वाजवायला घेतलं आणि मिलिंदच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत वाजवतच राहिला.

नंतर मी विचारलं, "अरे, तुला मराठी येत नाही, मग कळलं कसं?"

"तुम्ही सगळे अर्थात गुंतता," तो म्हणाला. "मी नुसतं ऐकतो!"

*

आणि मग तो ऑक्टोबर. डेक्लनच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. गावातल्या ऑर्केस्ट्राने त्याची नवी रचना वाजवायची ठरवली होती. तीन भाग. हॉल भरायला आम्ही झाडून सगळे गेलो, बायका पैठण्या नेसून.

आत शिरताना डेक्लनने हळूच दाखवलं. "तिसऱ्या रांगेत, निळ्या सूटमधल्या बाई. ऑर्केस्ट्राच्या अध्यक्ष. त्यांना आवडलं तर माझा ऑपेरा करणार. नाहीतर विमान." त्याने टाय सरळ केला. "एकच करा. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवू नका. इथे ते गावंढळ समजतात."

मिलिंदने नानांना दोनदा बजावलं. "नाना, टाळी नाही!"

"अरे, कळलं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिला भाग संपला. आम्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दुसऱ्या भागात एकच चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन. डेक्लनची आई गुणगुणायची ती धून. काय सांगू! मी पदराने डोळे टिपले. भाग संपला. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता.

नानांनी टाळी वाजवली नाही. दिलेला शब्द पाळला. नाना उभे राहिले, उजवा हात वर केला आणि सांगलीच्या नाट्यगृहात द्यायचे तशी खणखणीत आरोळी दिली.

"वन्स मोऽऽर!"

सगळा हॉल मागे वळला. मिलिंद खुर्चीतून खाली घसरला. डेक्लनने चेहरा दोन्ही हातांत लपवला. पिकल्या केसांचा कंडक्टर वळून नानांकडे बघत राहिला. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून नानांनी हात जोडले. "सर, प्लीज. वन्स मोर."

कंडक्टरने नानांकडे पाहिलं, चेलोवाल्या मुलीकडे पाहिलं आणि पानं मागे उलटली.

ती धून पुन्हा वाजली. संपली. पुन्हा तीच शांतता. आणि तिसऱ्या रांगेत निळ्या सूटमधल्या बाई उठल्या. मागे वळल्या. त्यांची नजर शोधत शोधत नानांवर येऊन थांबली. आता बाहेर काढतात, म्हणून मी पर्स उचलली.

बाईंनी नानांसारखाच उजवा हात वर केला आणि स्टेजकडे तोंड करून जरा लाजतच म्हणाल्या, "वन्स मोर!"