ट्यूबच्या पट्ट्या

सायकलच्या ट्यूबचा वास आला की मला राजूरच्या नाल्याकाठचा तो लहान खड्डा आठवतो. आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाप कोळशाच्या खाणीवर होता. लकव्यानं त्याचा उजवा हात आखडला. मूठ वळायची, पण उघडायची नाही. आईनं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मनगटावर बांधायच्या एका पट्ट्याला शिवल्या आणि प्रत्येक बोटासाठी एकेक फास केला. बापानं जोर सोडला की रबर बोटं मागं ओढायचं. त्याला फावडं धरता-सोडता येऊ लागलं. मग माझा धाकटा भाऊ तापानं गेला. खड्ड्यापाशी मोठा काका म्हणाला, "ते रबर काढ. लेकराले मूठमाती देऊन राह्यला तू, खाणीवर नाही चालला." बापानं काढलं, बोटं वळायच्या आत माती घेतली, हात पुढे केला आणि मूठ उघडेना. काका हळू आवाजात म्हणाला, "डाव्या हातानं टाक." बाप म्हणाला, "याच हातानं निजवत होतो त्याले." आई बायकांतून उठून आली. तिनं एकेका बोटाला फास अडकवला. थोडी माती तिच्या हातावर सांडली, ती तिनं झटकली नाही. "सोडा आता," ती म्हणाली. बोटं सावकाश मागं सरली आणि माती खाली पडली. आता माझाही उजवा हात तसाच झालाय. यवतमाळच्या दवाखान्यातली पोरगी त्यावर हवेनं फुगणारा रबरी मोजा चढवते आणि म्हणते, "आजी, सैल सोडा." मी सोडते. बोटं उघडतात. मुठीत काही नसतं.