पट्टा लावलात का?

सोलापुरात बारा वर्षं मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या डावीकडे रोज बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आता लग्नाच्या मांडवात खुर्चीवर टेकले तरी हात आधी खांद्यावर पट्टा शोधतो. निवांत बसणं म्हणून राहिलंच नाही.

शुक्रवार पेठेतले एक रिटायर्ड हेडमास्तर यायचे. पट्टा लॉकमध्ये अडकवायचेच नाहीत, टोक नुसतं हातात धरून बसायचे. का, विचारलं तर म्हणाले, "पोलीस लांबून दिसतो की, मॅडम."

मी म्हटलं, "झाड पण लांबूनच दिसतं, सर. तरी लोक धडकतात."

सरांनी हातातलं टोक खाली नेलं. मग लॉकचा आवाज आला.

एका साडीवाल्या शेठनी नवी गाडी घेतली. पट्टा नसला की गाडी बीप-बीप करायची, म्हणून त्यांनी बाजारातून नुसती क्लिप आणून लॉकमध्ये खोचली. आवाज बंद, पट्टा जागच्या जागी. मला कौतुकानं दाखवली. मी ती उपसून पर्समध्ये टाकली. आठवडाभर रोज मागत होते. मग एक दिवस मागायचं विसरले, आणि पट्टा लावून बसलेले!

रेश्माला पाचवा महिना होता. बाळ दबेल म्हणून सासूबाई पट्टा लावू देईनात. मी दोघींना दवाखान्यात विचारून यायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, खालचा पट्टा पोटाच्या खालून, वरचा छातीच्या मधून. दुसऱ्या दिवशी सासूबाईच खिडकीतून हात घालून पट्टा नीट करत होत्या. "आजून खाली घे. नातू हाय माझा."

"आणि नात असली तर?" रेश्मानं विचारलं.

"तरी खालीच घ्यायचा."

करमाळ्याकडचे नामदेवमामा मात्र कधी सांगावं न लागलेले. मामींना गुडघ्याच्या उपचाराला न्यायचं म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी लेकीकडे महिनाभर राहून गाडी शिकले. किल्लीला हात लावायच्या आधी पट्टा.

चार महिन्यांनी लेकीचा फोन आला. जेऊरच्या अलीकडे, भरदुपारी, मामांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. मामा वाचले. मागे बसलेल्या मामी मात्र दोन सीटांच्या मधून पुढं फेकल्या गेल्या. जबडा मोडला, खांदा मोडला.

मागच्या पट्ट्याबद्दल मी मामांना एक शब्द सांगितला नव्हता. बारा वर्षांत कुणालाच नाही.

पंधरा दिवसांनी मामा आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. शर्टाची दोन बटणं काढली. उजव्या खांद्यापासून छातीवर तिरका, पिवळा पडत चाललेला वळ.

"तुमी शिकवला तसा लावला होता," ते म्हणाले.

मग माझ्या गाडीकडे गेले, मागचं दार उघडलं. सीटवर सलग शिवलेलं कव्हर, लॉक सगळे त्याच्या खाली. मामांनी त्यावरून हात फिरवला.

"आमच्या हिचा कुटं असतो, तेवढं दाखवा."

मी कात्री आणायला आत गेले.