हनुवटीखालचा फडका

भाऊजींचा फोन आला, "ताई गेली..." आणि मी न् माझी लेक पियू अकोल्याला पोचलो. तिथे कुणीतरी म्हणालं, "जबडा बांधाले फडका आणा." मी फडका आणायला उठलेच नाही.

ताई दातांची डॉक्टर, लहान मुलांचे जबडे नीट करणारी. पियू लहान असताना सदा तोंडानं श्वास घ्यायची. एका दुपारी ती झोपली असताना माझ्या सासूबाईंनी, मायेनंच, तोंड मिटावं म्हणून तिच्या हनुवटीखालून डोक्यावर फडका बांधला. नेमकी त्याच वेळी ताई राजापेठेत आमच्या घरी टपकली. फडका ओढून काढत कडाडली, "काहून बांधलं? नाक बंद हाय पोरीचं! असं मेलेल्याले बांधतेत!" सासूबाईंनी बरेच दिवस तिचं नावही काढलं नाही.

ताईनं आधी नाकाच्या डॉक्टरांकडे धाडलं. नाक मोकळं झालं, तरी टाळू अरुंदच होता. मग तिनं टाळू रुंद करायला वरच्या दाढांना स्क्रूची पट्टी बसवली. तो स्क्रू रोज बारीक चावीनं मी फिरवायचा. पियू डोळे गच्च मिटायची. आणि एका सकाळी पाहते तर समोरच्या दातांत ही भली मोठी फट! सासूबाई कडाडल्या, "तुह्या बहिणीनं वाटोळं केलं पोरीचं!" मी रडतच फोन लावला.

"फट पडली ना? मंग जबडा सरकून राहिला. फट भरते मागून. चावी थांबवू नको..." मग ती म्हणाली, "मले बी भेव वाटते. माही भाची हाय ते."

फट भरली. काही महिन्यांनी ताईनं झोपलेल्या पियूच्या नाकाखाली पर्समधला आरसा धरला. तोंड मिटलेलं होतं आणि काचेवर वाफ धरली. ताई तिथेच फरशीवर बसून रडली. मग दर भेटीत, पाणी पिण्याआधी, पियूच्या नाकाखाली आरसा.

अकोल्यात फडका शेवटी पियूनंच घेतला. आधी ताईच्या पर्समधून आरसा काढला, तिच्या नाकाखाली धरला. बराच वेळ धरला... काच स्वच्छच राहिली. मग तिनं गाठ मारली, सैलशी. "मावशीला आवडत नाही फडका," एवढंच म्हणाली.

तो आरसा आता आमच्या दाराशी टांगलाय. कॉलेजला निघताना पियू तोंड मिटून त्याच्याजवळ जाते, वाफ धरली की ओढणीनं पुसते. काल मी म्हटलं, "राहू दे, पुसू नको."